घरोघरचीं यंत्रें : संगणकाच्या पंख्याची घरघर

घरांतील माणसाला ताप आला तर आपण लागलीच त्याच्या कपाळावर हात ठेवून पाहतों. परंतु घरांतील यंत्राला ताप आला तर तें विव्हळूं लागेपर्यंत, आणि कित्येक वेळां विव्हळून विव्हळून गप्प होईपर्यंतही, त्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. हा आमचा स्वतःचा अनुभव आहे, आणि तो आम्हांस फारसा भूषणावह नाहीं. तथापि या सदरांतून आम्हीं आजवर इतरांस पुष्कळ उपदेश केला असल्यामुळें एकदां आपली फजितीही वाचकांपुढें मांडणें न्यायाचें होईल, असें समजून ती येथें सांगत आहों.

आमच्या घरीं लहानथोर मिळून अकरा माणसें आहेत, आणि सर्वांच्या सामाईक उपयोगाचा असा एक जुना, टेबलाखालीं पेटी ठेवावी लागणारा संगणक आहे. प्रत्येकाच्या हातांत फोन आल्यापासून त्याचा मान बराच उतरला आहे. परंतु आमचे वडील बंधु अण्णा यांचा मात्र त्याच्याशीं नित्य संबंध असतो. सेवानिवृत्त झाल्यापासून गेलीं बारा वर्षें ते आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहीत आहेत, आणि तो सर्व त्या यंत्रांत आहे. या यंत्राची जागा माजघराच्या कोपऱ्यांत, देवघराच्या भिंतीला लागून. एका अंगानें उदबत्तीचा व समईचा धूर, दुसऱ्या अंगानें स्वयंपाकघरांतून येणारी फोडणीची वाफ, आणि खालीं केरसुणीनें उडणारी धूळ, अशा त्रिस्थळीं तें बिचारें वर्षानुवर्षें बसलेलें होतें.

गेल्या श्रावणांत त्या पेटींतून घरघर ऐकूं येऊं लागली. ती प्रथम वहिनींच्या कानीं आली. "भावजी, हें यंत्र आहे कीं जातें?" असें त्यांनीं आम्हांस दोनदां विचारलें. "जुनें झालें आहे, चालायचेंच," असें उत्तर देऊन आम्हीं वर्तमानपत्राचें पान उलटलें. यांत्रिक बाबींत घरांत आमचा शब्द शेवटचा समजण्याचा प्रघात असल्यामुळें वहिनी पुढें कांहीं बोलल्या नाहींत. कार्तिकापर्यंत मात्र आवाज इतका वाढला कीं, अण्णा कानांत कापसाचे बोळे घालून लिहावयास बसूं लागले. तेव्हां आम्हांस आपल्या अधिकाराची आठवण झाली. आम्हीं पेटीचें झांकण काढलें, घरघर करणाऱ्या पंख्याच्या मध्यावरील चिकटपट्टी उचकटली, आणि तिच्याखालीं दोन थेंब खोबरेल तेल सोडलें. आवाज तत्काळ बंद झाला! पंधरा दिवस घरांत आमची वाहवा चालली होती. आमच्या मंडळींनीं तर शेजारीं जाऊनही ही हकीकत सांगितली.

परंतु खोबरेल तेल सुमारें 24 अंश सेल्सिअसच्या खालीं थिजतें, ही गोष्ट ज्या घरांत दर हिवाळ्यांत तेलाची बाटली उन्हांत ठेवितात त्या घरांतील मनुष्यानें विसरावी, याला काय म्हणावें? मार्गशीर्षांतील एका कडाक्याच्या थंडीच्या पहाटे अण्णा पांच वाजतां लिहावयास बसले. पडद्यावर प्रारंभींच एक सूचना आली कीं, प्रोसेसरचा पंखा फिरत नाहीं. ती इंग्रजींत व बारीक अक्षरांत होती. अण्णांनीं चष्मा न लावतां कळ दाबून ती घालविली. यंत्र अगदीं निःशब्द चालत आहे, याचा त्यांस उलट आनंदच वाटला. आदल्या रात्रीं आमच्या आत्यांनीं फोनवरून त्यांस आजीच्या व पणजीच्या पिढींतील स्त्रियांचीं माहेरचीं नांवें सांगितलीं होतीं. कुलवृत्तांतांत पुरुषांचीं नांवें सर्व सांपडतात. परंतु सुना कोठून आल्या आणि त्यांचें मूळचें नांव काय, हें बहुधा कोणींच लिहून ठेविलेलें नसतें. अण्णांनींही तीं नांवें कागदावर टिपलीं नव्हतीं. सकाळीं एकदम संगणकांतच उतरूं, असा त्यांचा विचार. पानभर मजकूर झाला असेल नसेल, इतक्यांत अक्षरें उमटण्यास विलंब होऊं लागला, आणि साडेपांचाच्या सुमारास पडदा काळा झाला. पान जतन केलेलें नव्हतें. पुन्हां कळ दाबली तरी यंत्र क्षणभर जागें होई आणि पुनः मूर्च्छित पडे.

त्या सकाळीं आमच्या घरांत जी शांतता पसरली होती ती सुतकाच्या दिवशींच्या शांततेहून फारशी निराळी नव्हती. बारा वर्षांच्या श्रमाची दुसरी प्रत कोठेंही नव्हती. जवळच्या एका दुकानदारास विचारलें तों त्यानें पेटी न उघडतांच सांगितलें कीं, इतका जुना संगणक दुरुस्त करण्यांत अर्थ नाहीं, नवा घ्या. आम्ही तोंड पाडून परत आलों. तेव्हां अकरावींत शिकणारी आमची नात म्हणाली, "आजोबा, आधीं उघडून तर पाहूं या." आमच्या हातून पूर्वीं उघडण्याचें काम झालेलें होतें, पाहण्याचें काम मात्र राहून गेलें होतें.

आतां ज्या वाचकांच्या घरीं अशीच घरघर चालू असेल, त्यांच्या उपयोगाकरितां आम्ही व आमची नात त्या दोन दिवसांत जें शिकलों तें क्रमानें सांगतों.

संगणकाला पंखा कशाला लागतो, हें आधीं समजून घ्यावें. प्रोसेसर म्हणजे यंत्राचा विचार करणारा भाग. तो नखाएवढ्या सिलिकनच्या चकतींत मावतो, पण काम करितांना साधारण 65 वॉटपर्यंत वीज खातो, आणि ती सर्व अखेर उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. पूर्वीचा 60 वॉटचा दिवा हातांत धरवत नसे, हें वडील मंडळींस आठवत असेल. तितकी उष्णता नखाएवढ्या जागेंत कोंडली तर काय होईल? म्हणून त्या चकतीवर धातूची एक दांतेरी ठोकळी बसवितात आणि तिच्यावर पंखा. 1981 सालीं आय. बी. एम. कंपनीनें जो प्रसिद्ध संगणक काढला, त्याच्या प्रोसेसरवर पंखा नव्हता. पंखा होता तो वीजपुरवठ्याच्या डब्यांत. पुढें प्रोसेसर जसजसे वेगवान झाले तसतशी त्यांची उष्णता वाढली, आणि 1993 सालीं पेंटियम आला त्या सुमारास प्रोसेसरच्या डोक्यावर स्वतंत्र पंखा असणें ही नित्याची गोष्ट होऊं लागली. पंखा थांबला तरी प्रोसेसर लगेच जळत नाहीं. तो आधीं आपला वेग कमी करितो, आणि उष्णता सुमारें 100 अंश सेल्सिअसच्या पलीकडे जाऊं लागली कीं यंत्र आपण होऊन बंद पडतें. अण्णांचीं अक्षरें मंदावलीं तो त्याचा पहिला उपाय, पडदा काळा झाला तो दुसरा. म्हणजे यंत्र मेलें नव्हतें. तें स्वतःचा जीव वांचवीत होतें.

आतां आवाजाची परीक्षा. वैद्य जशी नाडी पाहतो तसें येथें कानानें पाहावयाचें असतें. टकटक असा नियमित आवाज असेल तर बहुधा एकादी तार सुटून पात्यांना लागत असते. ती बाजूस बांधली कीं काम झालें. सगळी पेटीच थरथरत असेल तर स्क्रू ढिले झालेले असतात. वाऱ्याचा मोठा घोंघाट येत असेल तर पंखा बहुधा निर्दोष असतो. धातूच्या दातांत धूळ बसून वारा अडल्यामुळें त्याला जिवाच्या आकांतानें फिरावें लागतें. येथें एक हिशेब ध्यानांत ठेवण्यासारखा आहे : पंख्याचा वेग निम्मा झाला तर वारा निम्मा होतो, पण आवाज सुमारें 15 डेसिबेलनीं उतरतो. म्हणून धूळ काढून वेग थोडा कमी झाला तरी कानाला मोठें सुख वाटतें. आणि शेवटची, जात्यासारखी घरघर किंवा खरखर : ती बेअरिंगची. स्वस्त पंख्यांत दांडा एका सच्छिद्र धातूच्या नळींत फिरतो, आणि त्या छिद्रांत मुरलेलें तेल हेंच त्याचें वंगण असतें. तें वर्षानुवर्षांच्या उष्णतेनें आटलें कीं दांडा नळीला घासूं लागतो व नळी हळूहळू मोठी होते. बॉल-बेअरिंगचा पंखा अधिक टिकतो, मात्र नवा असतांनाही त्याचा आवाज किंचित् अधिक असतो.

पेटींत पंखे एकाहून अधिक असतात : प्रोसेसरवर एक, पेटीच्या पाठीशीं एक, वीजपुरवठ्याच्या डब्यांत एक, आणि चित्रांचें निराळें कार्ड असल्यास त्यावरही एक. दोषी कोणता हें ठरविण्यास कागदाची नळी करून ती एका टोकानें कानाशीं व दुसऱ्या टोकानें पंख्याजवळ, पात्यांस न लावतां, धरावी. आमच्या नातीनें वहीच्या पुठ्ठ्याची नळी केली होती. हल्लीं गुन्हेगार ओळखण्याचें इतकें स्वस्त साधन दुसरें नसेल.

हात घालण्यापूर्वींचे नियम पाळलेच पाहिजेत. संगणक रीतसर बंद करावा, भिंतींतील खटका बंद करून तार उपसून काढावी, आणि मग चालू करण्याची कळ एकदां दाबून आंत उरलेली वीज जाऊं द्यावी. लोकरी वस्त्र अंगांतून काढावें आणि पेटीच्या उघड्या धातूला हात लावून मगच आंतील भागांस स्पर्श करावा. अंगावर सांचलेली विजेची ठिणगी आपल्यास जाणवतही नाहीं, परंतु नाजूक भागांस घातक होऊं शकते. वीजपुरवठ्याचा डबा मात्र कोणत्याही सबबीवर उघडूं नये. तार काढल्यानंतरही त्याच्या पोटांत धोकादायक वीज शिल्लक असते. त्यांतील पंखा वाजत असेल तर तो डबाच जाणत्याकडून बदलून घ्यावा.

धूळ काढण्यास मऊ कुंचला आणि कॅमेरा साफ करण्याची रबरी फुंकणी पुरते. फुंकतांना पंख्याचीं पातीं एका बोटानें धरून ठेवावीं. जोराच्या वाऱ्यानें पंखा भलत्याच वेगानें फिरला तर बेअरिंग बिघडतें. घर झाडण्याचें व्हॅक्युम यंत्र आंत घालूं नये. तोंडानेंही फुंकूं नये, कारण त्याबरोबर ओलावा जातो. आमच्या पेटींतील धूळ मात्र फुंकणीस दाद देईना. समईची काजळी व फोडणीचें तेल यांनीं ती लेपासारखी घट्ट झाली होती. लांकडी काडीनें ती खरवडावी लागली. ती गोळा केली तेव्हां वाटीभर भरली. वहिनींनीं ती वाटी पाहिली आणि आमच्याकडे पाहिलें; बोलल्या नाहींत.

धूळ निघाल्यावर पंखा बोटानें फिरवून पाहावा. चांगला पंखा बोट काढल्यावरही कांहीं फेरे सहज घेतो. बिघडलेला लागलीच थबकतो किंवा हलविल्यास डुगडुगतो. नुसतें वंगण आटलें असेल तर शिलाईच्या यंत्राचें पातळ तेल एक थेंब घालून कांहीं महिने निभावतें. खाण्याचें किंवा केसांचें तेल कधींही घालूं नये. तें थंडींत थिजतें, आणि न थिजलें तरी हवेनें व धुळीनें चिकट होतें. वंगण हा उपाय नव्हे, मुदत आहे. नळी एकदां झिजली म्हणजे पंखा बदलणें हाच इलाज.

पेटीच्या पाठीचा पंखा बदलणें अगदीं सोपें आहे. मोजपट्टीनें त्याची चौकट मोजावी : 80, 92, 120 किंवा 140 मिलिमीटर, अशीं मापें रूढ आहेत. 120 मिलिमीटरच्या पंख्यांत स्क्रूच्या दोन छिद्रांमधील अंतर 105 मिलिमीटर असतें. चौकटीऐवजीं हेंच अंतर मोजून 105 चा पंखा मागावयास गेल्यास दुकानांत हंसें होतें. मग तारेच्या टोकास तीन छिद्रें आहेत कीं चार, तें पाहावें. तिहींपैकीं दोन 12 व्होल्टच्या विजेचीं आणि तिसरें पंख्याचे फेरे कळविणारें. चौथें असल्यास त्यांतून वेग कमीअधिक करण्याची आज्ञा येते. जुना पंखा काढण्यापूर्वीं त्याचें तोंड कोणीकडे आहे याचें छायाचित्र घेऊन ठेवावें. ज्या अंगास चौकटीच्या आडव्या काड्या व मधली चिकटपट्टी असते, त्या अंगानें वारा बाहेर पडतो. पाठीच्या पंख्यानें वारा पेटीबाहेर टाकला पाहिजे. चार स्क्रू, एक जोडणी. दहा मिनिटांचें काम.

आमचा पंखा प्रोसेसरवरचा, आणि ठोकळीशीं एकजीव असलेला. म्हणून दोन्ही एकदमच बदलावीं लागलीं. त्यास नव्या संगणकाच्या किमतीचा एक लहानसा अंशच खर्च आला. जुनी ठोकळी चार खुंट्यांवर बसलेली होती. प्रत्येक खुंटीचें डोकें बाणाच्या दिशेनें पाव फेरा फिरवून वर ओढलें कीं ती सुटते. खालीं प्रोसेसरवर वाळलेला राखाडी लेप असतो, तो शुद्ध अल्कोहोलमध्यें भिजविलेल्या, तंतु न सुटणाऱ्या कापडानें पुसून काढावा. दोन धातूंमधील हवेची बारीक फट भरून काढणें हें त्या लेपाचें काम. नवी ठोकळी कित्येक वेळां लेप लावूनच मिळते, त्यास बोट लावूं नये. मग खुंट्या पूर्वस्थितींत फिरवून, समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन दोन एकदम दाबाव्या. "टक्" असा आवाज आला पाहिजे.

आमच्या तीन खुंट्यांचा आवाज आला. चौथीचा आला, असें आम्हीं मानलें. यंत्र सुरू केलें, प्रारंभींच्या पडद्यावरील उष्णतामान पाहिलें तों तें पाहतां पाहतां 90 च्या वर गेलें. तार उपसली. नातीनें बॅटरीच्या उजेडांत पाहिलें तों चौथी खुंटी अर्धवट वर राहिलेली. ती तिनें आपल्या अंगठ्यानें दाबली. या वेळीं "टक्" असा आवाज सर्वांनीं ऐकला, कारण घरांतील अकराही माणसें भोंवतीं उभीं होतीं. उष्णतामान 40 च्या आसपास येऊन स्थिर राहिलें. अण्णांनीं खुर्चींत बसून कुलवृत्तांत उघडला. पहिल्या पानापासून, त्या सकाळच्या एका पानाखेरीज, सर्व जागच्या जागीं होतें. प्रोसेसर तापल्यानें सांठविलेला मजकूर सहसा जात नाहीं, हें आम्हांस आतां माहीत आहे. त्या दोन रात्रीं माहीत नव्हतें.

त्याच सायंकाळीं त्या सर्वांच्या दोन प्रती केल्या. एक घरच्या कपाटांत, दुसरी नाशिकला भाचीकडे. संगणकाची जागा देवघरापासून व स्वयंपाकघरापासून दूर, जमिनीपासून वीतभर उंच चौरंगावर केली आहे. दर दोन महिन्यांनीं अमावास्येच्या दिवशीं ती पेटी पुसावयाची आणि नवी प्रत करावयाची, असा नेम ठरला आहे. नेम मोडला तर आठवण करण्याचें काम वहिनींकडे आहे, आणि या खेपेस त्यांस उत्तर देतांना वर्तमानपत्र हातांत धरावयाचें नाहीं, असें आम्हीं कबूल केलें आहे.

यंत्र बोलूं लागलें कीं त्याचें ऐकावें, इतकेंच वाचकांस सांगणें आहे. श्रावणांत दहा मिनिटें खर्च केलीं असतीं तर मार्गशीर्षांतील ती पहाट आमच्या घरीं आली नसती.

राहतां राहिलें तें एक पान. अण्णांनीं दुसऱ्या दिवशीं संकोचत संकोचत आत्यांस फोन लावला. त्यांचें वय 93 वर्षांचें. पुन्हां तितकें आठवेल कीं नाहीं, ही भीति होती. आत्या हंसल्या, "अरे, मला दुसरें काम काय आहे?" म्हणाल्या, आणि सर्व नांवें पुन्हां सांगितलीं, एक आणखी आठवलें, तें पहिल्या वेळीं राहून गेलें होतें. या खेपेस अण्णांनीं तीं आधीं शाईनें वहींत उतरून घेतलीं. आतां ते रोज सायंकाळीं आत्यांस फोन लावतात. पंख्याला बदली मिळाली आणि मजकुराच्या प्रती झाल्या. परंतु आत्यांस जें ठाऊक आहे त्याची प्रत अजून पुरी व्हावयाची आहे.